आईच्या वजनाची स्प्रिंग

"बाबा, यंदाच्या शर्यतीत तू शेपूट घातलीस, हे खरंय का?"

प्रश्न टॅमचा नव्हताच मुळी. तो ब्रॉनी आणि किर्बी या तिच्या दोन मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत सॉसेज रोल खाता खाता दोघींनी तिला चढवलं होतं. "एवढी वर्गात बडबडतेस ना आता? मग विचार की तुझ्या बाबाला. नाही विचारलंस तर तू जुनीच टॅम." जुनी टॅम म्हणजे गेल्या वर्षीपर्यंतची, बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी कानाच्या पाळ्या लाल करून बसणारी. यंदा वादविवादाच्या स्पर्धेत तिनं अख्ख्या सभागृहाला हसवलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. जुनी टॅम म्हणवून घेणं तिला आता मुळीच खपणारं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर प्रश्न सगळ्या गावालाच पडला होता. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये जूनमधली वाळवंटातली शर्यत नाताळापेक्षा मोठी. खाटीक मटण तोलताना विचारतो, न्हावी केस कापताना विचारतो, "गाडी झाली का तयार?" टॅमच्या बाबाची, वेड पेटिग्रूची, पिवळी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली चार दारांची दणकट गाडी, गेली कित्येक वर्षं त्या शर्यतीत पळत होती. यंदा मात्र ती शेडमध्ये ठोकळ्यांवर चढली होती, पुढची चाकं काढलेली होती, आणि वेड चालकांच्या बैठकीला फिरकलाच नव्हता. तोंडावर विचारायची कुणाची हिंमत नव्हती. टॅमची होती.

यूटखालून बाबाचे फक्त बूट दिसत होते. पान्याचा आवाज थांबला.

"कोण विचारतंय?"

"सगळं गाव विचारतंय. मी आपली प्रतिनिधी."

"मग गावाला सांग, हो. घातली शेपूट."

टॅम हसायला लागली, कारण तिला वाटलं पुढं काहीतरी चेष्टा येणार. बाबा चाकं लावलेल्या फळीवरून घसरत बाहेर आला, उठून बसला आणि हातातला पाना उगाचच पुसत राहिला. चेष्टा आली नाही.

"यंदा गाडीला दुसरं काम आहे," तो म्हणाला. "तुझ्या आईला घरी जायचंय."

"आई घरीच आहे की."

"तिच्या घरी. नॅरॅविलाला."

नॅरॅविला म्हणजे आईचं माहेर. गुरांचं मोठं रान, मधोमध पत्र्याचं घर, चारी बाजूंनी व्हरांडा, आणि समोर नदीचं कोरडं पात्र. टॅमच्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेल्या होत्या. आईला बरं नाही हे टॅमला गेल्या वर्षापासून माहीत होतं. ईस्टरनंतर औषधं बंद झाली, नुसत्या दुखणं मारायच्या गोळ्या उरल्या, हेही माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय हे घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आता बाबानं म्हटलं. आणि म्हटलं तेही असं, की घरी जायचंय, बस.

"विमानानं ने की मग," टॅम म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

"तिथली गॉर्डनमामाची धावपट्टी पुरात धुऊन गेली ना. आणि रस्ता तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात, तिच्या पाठीचे मणके चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झालेत. एक दणका बसला की संपलं." त्यानं यूटच्या उघड्या पडलेल्या पुढच्या भागाकडं पाना रोखला. "म्हणून हे. मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या मी एका दुपारीत मऊ केल्या. अवघड आहे ते पुढचं. हे मी वीस वर्षं दणके खायला बनवत आलोय. आता ते पाळणा व्हायला हवंय."

दुसऱ्या दिवशी ब्रॉनी आणि किर्बी टपूनच बसल्या होत्या. "विचारलंस? काय म्हणाला?" टॅमनं सांगितलं. किर्बीच्या हातातला लॅमिंग्टन केक तसाच राहिला. मग तिनं तो अख्खा टॅमच्या डब्यात ठेवला. ब्रॉनी म्हणाली, "आम्ही गाढव आहोत." टॅम म्हणाली, "ते मला आधीपासून माहीत होतं," आणि तिघी हसल्या, आणि हसता हसता टॅमला एकदम रडू फुटलं. सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली तरी तिघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत तशाच बसून राहिल्या.

त्या दिवसापासून शाळा सुटली की टॅम थेट शेडमध्ये. आधी गाडीपुढचा लोखंडी बुलबार उतरवला. तो घोड्याएवढा जड. मग खेचकाम करणारा विंच. एवढं ओझं नाकावरून उतरल्यावर पिवळी यूट अशी उंच उभी राहिली, जणू कुणी तिची हनुवटी धरून वर उचललीय.

"आता ही स्प्रिंग हिला फार कडक झाली," बाबा म्हणाला. "सैनिकाच्या खाटेवर बाळ झोपवल्यासारखं."

मग शॉकअप निघाले. स्प्रिंग दणका झेलते, पण तिला आवरतो तो शॉकअप, तेलानं भरलेली ती जाड नळी. बाबानं एक नळी टेबलावर उघडली, काळं तेल बादलीत ओतलं, आणि आतल्या दांड्यावरून पातळ पोलादी चकत्या एकेक करून काढल्या. त्या एकावर एक रचलेल्या असतात, मोठीवर लहान, लहानीवर त्याहून लहान. तेल त्यांना वाकवून पलीकडं जातं. चकत्या जाड, तर गाडी कडक. चकत्या पातळ, तर गाडी मऊ. टॅमचं काम त्या धुऊन फडक्यावर ओळीनं मांडायचं. एकदा तिला शिंक आली आणि अर्धी ओळ जमिनीवर.

"शाबास! वादविवादात पहिली, शिंकण्यात पण पहिली!" बाबा ओरडला. दोघं गुडघ्यांवर रांगत चकत्या वेचत होते तेव्हा दारातून आवाज आला.

"काय रे, प्रार्थना करताय का दोघं?"

आई होती. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगावर बाबाचा स्वेटर, एक हात चौकटीला. घरापासून शेडपर्यंत यायला तिला केवढा वेळ लागला असेल ते तिच्या श्वासावरून कळत होतं.

"तुझ्यासाठी गाडी मऊ करतोय," बाबा म्हणाला.

"एवढी वर्षं माझी मान मोडलीस, तेव्हा नाही सुचलं ते?"

"तेव्हा तू तक्रार करत नव्हतीस."

"तेव्हा मी प्रेमात होते, वेड. बहिरी आणि आंधळी."

"आणि आता?"

"आता नुसती बहिरी."

टॅमला वाटलं, या दोघांनी असंच बोलत राहावं. एवढंच पुरे. पण बाबाला आईला काहीतरी विचारायचं होतं आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. तो चकत्या उलटसुलट करत राहिला. शेवटी टॅमनंच विचारलं, कारण असल्या कामासाठी घरात तीच उरली होती. "आई, स्प्रिंग वजनावर निवडायची असते. तुला गाडीत झोपवून मोजायला लागेल."

शर्यतवाल्यांकडं चार चपटे काटे असतात, प्रत्येक चाकाखाली एक. गाडीचं कुठलं चाक किती ओझं पेलतंय ते त्यावर दिसतं. बाबानं पुन्हा चाकं चढवली, यूट काट्यांवर घेतली. डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन्ही सीटा आधीच निघाल्या होत्या, तिथं लांब गादी घातली होती. त्यानं आईला उचललं आणि गादीवर ठेवलं.

"बायकोला वजनकाट्यावर झोपवणारा तू जगातला पहिलाच नवरा," आई म्हणाली.

"आकडा कुणाला सांगणार नाही."

"सांग की. जन्मात पहिल्यांदा बारीक झालेय, गावभर सांग."

टॅमनं चारही काट्यांवरचे आकडे वाचले. मग आईला उतरवून पुन्हा वाचले. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून तिसऱ्यांदा वाचले. शर्यतीच्या वेळी त्याच जागी बाबा जादाचं सुटं चाक बांधायचा. सुटं चाक आईपेक्षा जड होतं.

बाबानं आकडा पाहिला. स्प्रिंगा ठेवलेल्या शेल्फपाशी गेला, मधल्या स्प्रिंगवर हात ठेवला, तो काढला आणि सगळ्यात बारीक तारेची स्प्रिंग उचलली.

शाळेचं सत्र संपायच्या आठवड्यात गाडी तयार झाली. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर ती चालवून पाहायची होती. इकडच्या कच्च्या रस्त्यांवर गाड्यांनी आडव्या वळ्या पाडलेल्या असतात, छपराच्या नालीदार पत्र्यासारख्या, म्हणून त्या रस्त्याला सगळे पत्राच म्हणतात. पत्र्यावर कसं चालवायचं ते पोरं सायकलीच्या आधी शिकतात; टॅमही नॅरॅविलाच्या रानात तशीच शिकली होती. ताशी ऐंशी किलोमीटर गाठायचे, की झालं. ऐंशीला चाक एका वळीच्या माथ्यावरून दुसरीच्या माथ्यावर तरंगत जातं, मधल्या खाचेत पडायला त्याला सवडच नसते. ऐंशीच्या खाली प्रत्येक वळी अंगावर घ्यावी लागते. चाळीसला तर दातात भरलेलं सिमेंट निघतं. पत्र्यावर हळू कोण चालवतं? पर्यटक.

टॅम गादीवर आडवी झाली. पोटावर चहाचा कप.

"सांडला तर पुन्हा चकत्या बदलायच्या," बाबा म्हणाला, आणि त्यानं पाय दाबला.

आधी दाणदाण आपटलं, कप हातात धरावा लागला. पण वेगाचा काटा वर चढला, चढला, आणि मग एकदम सगळं शांत. टॅमला गाडीचं छप्पर आणि खिडकीतून आकाश दिसत होतं, त्यावरून गुलाबी काकाकुव्यांचा थवा गेला, आणि कपातला चहा नुसता थरथरत होता.

"रेशीम!" ती ओरडली. "बाबा, रेशीम आहे हे!"

बाबानं स्टिअरिंगवर थाप मारली. परत येताना दोघं गात होते, दोघंही बेसूर. त्या दिवशी ऐंशीच्या खाली गाडी कशी लागते ते पाहायचं दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. इकडं ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

निघायच्या सकाळी, इकडच्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याची थंडी होती. गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं. नर्सबाई येऊन आईला इंजेक्शन देऊन गेल्या, वाटेतली औषधं टॅमला नीट समजावून गेल्या. आईला गादीवर झोपवलं, चहूबाजूंनी उशा लावल्या, छातीवरून आणि मांड्यांवरून रुंद पट्टे बांधले.

"सामानात बांधलेली फुलदाणी," आई म्हणाली.

"फुलदाणी एवढं बोलत नाही," बाबा म्हणाला.

डांबरी रस्ता होता तोवर सगळं छान चाललं. टॅम चालकाच्या मागच्या सीटवर बसून आईला बाहेर काय दिसतंय ते सांगत होती, कारण आईला फक्त आकाश दिसत होतं. "आता ते मोठं वारूळ, ज्याला कुणीतरी टोपी घातलीय. आता मेलेली गाय. सॉरी. आता काही नाही, नुसतं गवत." आई डोळे मिटून हसत होती. व्हरांड्यावर गॉर्डनमामानं पलंग टाकलाय, नदीकडं तोंड करून, असं तिनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा टॅमनं नवीन ऐकल्यासारखं ऐकलं.

मग फाटा आला आणि पत्रा सुरू झाला.

बाबानं वेग कमी केला. टॅमला वाटलं, नुसतं वळणापुरतं. पण वळण गेलं तरी काटा विसावरच. गाडी एकेक वळी चढत होती, एकेकीत पडत होती. धड्, धड्, धड्. बारीक स्प्रिंग, पातळ चकत्या, सगळं ऐंशीसाठी रचलेलं. विसाला त्यांना काय करावं तेच कळेना. यूटचं नाक होडीसारखं वरखाली व्हायला लागलं. आईनं पट्टा मुठीत धरला. तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली.

"बाबा, वाढव ना."

"वाढवतो."

तीस. पस्तीस. चाळीसला गाडी अशी हादरली की दारातली बाटली खाली पडली, आणि आई ओरडली. मोठ्यानं नाही. कुणी तोंड दाबल्यासारखी. बाबानं लगेच पाय काढला. पुन्हा वीस. पुन्हा धड्, धड्.

"बाबा, ऐंशीला घे! ऐंशीला काही लागत नाही, मी झोपले होते ना तिथं!"

"हो गं, हो, घेतो," तो म्हणाला. त्यानं पुन्हा पाय दाबला, पुन्हा चाळीस आले, पुन्हा आईचा तो आवाज, आणि पुन्हा पाय उचलला गेला. टॅमला आरशात त्याचा चेहरा दिसला. कपाळावर घाम, एवढ्या थंडीत. तिसऱ्या वेळी त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

तो उतरला, पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसला, आणि आत हात घालून स्प्रिंग चाचपायला लागला.

"माझी चूक झाली," तो चाकालाच सांगत होता. "अजून मऊ हवी होती. किंवा चकत्या. वरची चकती मी काढायला नको होती."

टॅम त्याच्या मागं उभी राहिली. लाल मातीत त्याच्या गुडघ्यांचे ठसे उमटले होते. चकती बरोबर होती. स्प्रिंगही बरोबर होती. टॅमनं स्वतःच्या पाठीनं ती तपासली होती. जगात कुणी त्याहून मऊ गाडी बनवली नसती. चूक होती ती पायात. तिनं गेलं वर्षभर बाबाला घरात पाहिलं होतं. आधी दारं आपटणारा, जिना एका दमात चढणारा, कप आदळणारा माणूस. वर्षभरात तो चमचा हळू भरवायला शिकला, कूस हळू बदलायला शिकला, दार हळू लावायला शिकला. आईच्या जवळ असताना हळू, आणखी हळू. आता तिच्या दुखण्याचा आवाज आला की त्याचा पाय आपोआप वर येत होता. त्याला तो आवरत नव्हता, आणि का आवरत नाही ते उमगतही नव्हतं. ऐंशीच्या अलीकडचा तो थोडासा तुकडा, जिथं तिला दुखणारच, तो त्याच्यानं ओलांडवत नव्हता.

"वेड," आतून आईनं हाक मारली. तो धावत गेला, दार उघडलं. आईचे ओठ पांढरे झाले होते, पण ती हसायचा प्रयत्न करत होती. "परत फिरू या का? मला चालेल. हॉस्पिटलच्या त्या खोलीत खिडकी मोठी आहे. झाडही आहे बाहेर एक."

"तुला व्हरांडा हवाय."

"व्हरांडा काय, मला पाठ आहे. डोळे मिटले की दिसतो."

"केरिन, मी आणखी हळू—"

"नको रे. झालं तेवढं पुष्कळ झालं."

बाबानं मान हलवली. त्याचा हात दाराच्या कडेला तसाच. टॅमला दोघांचे चेहरे एकदम दिसत होते. आईला परतायचं नव्हतं, बाबाला परतवायचं नव्हतं. दोघंही केवळ दुसऱ्यासाठी हो म्हणत होते, आणि दोघंही ते ओळखून होते, आणि तरीही आता गाडी वळणार होती. हॉस्पिटलची ती मोठी खिडकी टॅमनं पाहिली होती. तिच्यातून गाड्या लावायची जागा दिसते.

सभागृहात भाषण करणं वेगळं होतं. तेव्हा मजा होती. तिनं गाडीला वळसा घातला, चालकाचं दार उघडलं, किल्ली हातात घेतली आणि परत दोघांसमोर येऊन उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "गाडी वळणार नाही. मी चालवणार."

"टॅम, हे बघ—" बाबा म्हणाला.

"नाही, तू बघ. गाडी बरोबर आहे, बाबा. तुझी एकही चकती चुकलेली नाही. तू मागं बस, माझ्या जागेवर. आईचा हात धर, तिच्याकडं बघ, रस्त्याकडं बघूच नकोस." तिनं आईकडं पाहिलं. आवाज फाटायला लागला होता, तिनं तो तसाच पुढं रेटला. "आई, ऐंशीला पोचेपर्यंत खूप दुखेल. खोटं सांगत नाही. तू ओरडशील. ओरड, खुशाल ओरड, मी पाय काढणार नाही. ऐंशीच्या पुढं रेशीम आहे, मी झोपलेय तिथं, मला माहितीये. थेट व्हरांड्यापर्यंत रेशीम."

आईनं पट्ट्याखालून हात काढला आणि बाबाच्या दिशेनं पुढं केला.

बाबा अजून दाराशीच उभा होता. टॅमनं किल्ली मुठीत घट्ट आवळली.

"येताना गाडी तुझ्याकडं, बाबा," ती म्हणाली. "येताना तुला पाहिजे तेवढी हळू चालव."